यहुदी समाजातील सनातनी आणि सुधारक

१८१८ सालच्या ऑक्टोबर महिन्यात जर्मनीतील हॅम्बुर्ग शहरी काही यहुदी गृहस्थांनी स्वतःचे नवे प्रार्थनामंदिर उघडले. तेथे शब्बाथच्या दिवशी, म्हणजे शनिवारी, प्रार्थनेच्या साथीला ऑर्गन वाजू लागला. प्रवचन जर्मन भाषेत होऊ लागले, काही प्रार्थनाही जर्मन भाषेत म्हटल्या जाऊ लागल्या. पुढच्या वर्षी या मंडळींनी आपले प्रार्थनापुस्तक छापले. जेरुसलेमला परत जाण्याची आणि तेथील मंदिरात पुन्हा यज्ञबली सुरू होण्याची याचना ज्या ज्या ठिकाणी होती, तेथील कित्येक वचने त्यात एक तर गाळली होती किंवा त्यांचा अर्थ सौम्य केला होता.

यावर जे वादळ उठले ते अद्याप शमलेले नाही. हॅम्बुर्गच्या धर्मन्यायसभेने १८१९ मध्ये एक ग्रंथच प्रसिद्ध केला. युरोपातील २२ राब्बींची मते त्यात एकत्र केली होती, आणि त्यांचा निष्कर्ष तीन निषेधांत सांगण्याजोगा होता. परंपरेने आलेल्या प्रार्थनांत अक्षर बदलू नये; हिब्रूवाचून अन्य भाषेत सामुदायिक प्रार्थना म्हणू नये; आणि शब्बाथला वाद्य वाजवू नये, वाजविणारा परधर्मीय असला तरीही.

आपल्याकडील श्रोत्याला प्रथमदर्शनी वाटेल की, पेटी वाजवावी की न वाजवावी एवढ्यावरून इतका गहजब कशाला? परंतु यहुदी धर्मात श्रद्धेइतकेच, किंबहुना श्रद्धेहून अधिक, आचाराला महत्त्व आहे हे ध्यानी घेतले पाहिजे. इ.स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर जाळले. तेव्हापासून या समाजाला ना भूमी, ना राजा, ना पूजास्थान. देशोदेशी विखुरलेल्या लोकांना एकत्र धरणारी वस्तू एकच राहिली, ती म्हणजे तोरा आणि तल्मूद यांतून निघालेला धर्मशास्त्राचा दंडक. काय खावे, केव्हा काम थांबवावे, विवाह कसा लावावा, काडीमोड कशी द्यावी, हे सर्व त्यात ठरलेले होते. त्यातील एक दगड हलविला की भिंतच हलते असे सनातन्यांना वाटले, तर त्यांना नुसते दुराग्रही म्हणून मोकळे होता येत नाही. उलट ज्या तरुणाला हिब्रू समजत नाही, जो शनिवारी मंदिराकडे फिरकेनासा झाला आहे आणि ज्याला बाप्तिस्मा घेतल्याखेरीज सरकारी नोकरी मिळत नाही, त्याला धर्मात टिकवावे कसे, हा सुधारकांचा प्रश्नही खोटा नव्हता. दोन्ही पक्षांना समाज टिकवायचाच होता, हे प्रारंभीच सांगून ठेवतो.

आमच्या मते या वादाचा खरा मुद्दा ऑर्गन नव्हता, भाषाही नव्हती. मुद्दा होता सत्तेचा. समाजाची नोंदवही कोणाच्या हाती असावी, हा तो मुद्दा. हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

अठराव्या शतकाच्या अखेरपर्यंत युरोपातील प्रत्येक गावचा यहुदी समाज म्हणजे एक छोटे स्वराज्यच होते. त्याचे स्वतःचे न्यायालय असे, स्वतःची करवसुली असे आणि नियम मोडणाऱ्याला बहिष्कृत करण्याचा अधिकार असे. फ्रेंच राज्यक्रांतीने हे स्वराज्य संपविले. १७९१ मध्ये फ्रान्समधील यहुद्यांना नागरिकत्व मिळाले. १८०६ मध्ये नेपोलियनने त्यांच्या पुढाऱ्यांना पॅरिसला बोलावून १२ प्रश्न विचारले. तुम्ही फ्रान्सला आपला देश मानता काय, फ्रेंच माणूस तुमचा बंधू की परका, अशा धर्तीचे ते होते. नागरिक व्हायचे तर न्यायालय गेले, बहिष्काराचे शस्त्र गेले. पण राहिले काय? जर्मन राज्यांत गावचा समाज, ज्याला तेथे 'गेमाइंडे' म्हणत, तो कर गोळा करणारी संस्था म्हणून कायद्याने शिल्लक ठेवला. प्रशियाच्या १८४७ च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक यहुदी आपल्या गावच्या गेमाइंडेचा सभासद असलाच पाहिजे, आणि त्याने तिचा कर भरलाच पाहिजे. तिच्यातून बाहेर पडायचे तर यहुदी धर्मच सोडावा लागे. अशा संस्थेत ज्याचे बहुमत त्याच्या हाती मंदिर, शाळा, खाटिकखाना, स्नानगृह आणि दफनभूमी. अल्पमतवाल्याने पैसे भरायचे आणि समोर जे चालले असेल ते मुकाट्याने पाहायचे. वादाला विष चढले ते येथे.

आणि म्हणूनच दोन्ही पक्ष वेळोवेळी सरकारच्या दारी गेले. बर्लिनमध्ये इस्राएल याकोबसन आदी मंडळींनी १८१५ पासून खासगी घरांतून नव्या पद्धतीची उपासना चालविली होती. सनातन्यांनी तक्रार केली, आणि १८२३ च्या डिसेंबरात प्रशियाच्या राजाने फर्मान काढले की यहुद्यांची उपासना परंपरागत रीतीनेच झाली पाहिजे, तीत किंचितही नवेपणा चालणार नाही. ख्रिस्ती राजाने यहुदी धर्माच्या शुद्धतेचा कैवार घ्यावा हा चमत्कारच! पण त्यात धर्मप्रेम नव्हते. नव्या पंथांतून राज्यविरोधी विचार फैलावतील अशी धास्ती होती, आणि यहुदी धर्म जितका जुनाट दिसेल तितके लोक तो सोडून ख्रिस्ती होतील हीही आशा होती. सनातन्यांनी त्या हाताची मदत घेतली; पुढे सुधारकांनीही अशीच घेतली.

या काळातील सनातनी पक्षाचा सर्वांत समर्थ पुरुष म्हणजे प्रेसबुर्गचे राब्बी मोझेस सोफर (१७६२–१८३९). प्रेसबुर्ग म्हणजे आजचे ब्रातिस्लावा. तोरामध्ये नवान्नाविषयी एक नियम आहे. नव्या पिकाची पेंढी देवाला अर्पण होईपर्यंत नवे धान्य खाऊ नये, असा तो नियम. 'नवे ते तोराने निषिद्ध' हे त्याचे सूत्ररूप. सोफर यांनी हे शेतातले सूत्र उचलले आणि सगळ्या नवेपणालाच लावले. कोटी म्हणून ती बिनतोड आहे. परंतु शास्त्र म्हणून पाहिले तर हीच एक मोठी नवलाई होती, कारण तल्मूदाचे पंडित शतकानुशतके नव्या परिस्थितीला नवे निर्णय देत आले होते. परंपरा जोवर निर्वेध चालते तोवर तिला 'परंपरा' असे नाव नसते. 'ऑर्थोडॉक्स' हा शब्ददेखील यहुद्यांना आधी इतरांनी लावला, आणि मग सनातनी पक्षाने तो धारण केला.

सुधारकांकडील तेवढाच तोलामोलाचा पुरुष अब्राहम गायगर (१८१०–१८७४). मूळचे फ्रँकफुर्टचे, अरबी आणि हिब्रूचे गाढे विद्वान. १८३८ मध्ये ब्रेस्लाउच्या गेमाइंडेने त्यांना दुय्यम राब्बी म्हणून निवडले. तेथील ज्येष्ठ राब्बी सॉलोमन टिक्टिन यांनी यांच्यासोबत बसण्यास साफ नकार दिला. विद्यापीठात शिकलेला माणूस राब्बी होऊच शकत नाही, असे त्यांच्या बाजूच्यांचे म्हणणे. गायगर प्रशियाचे नागरिक नव्हते, तेव्हा विरोधकांनी सरकारात अर्ज करून त्यांचे नागरिकत्व अडविण्याची खटपट केली. ते मिळवण्यात गायगर यांचे वर्षाहून अधिक गेले, आणि १८४० मध्ये ते कामावर रुजू झाले. पुढे गेमाइंडेने टिक्टिन यांनाच निलंबित केले. १८४३ मध्ये टिक्टिन वारले आणि त्यांचे चिरंजीव गेदालिया यांनी बापाची बाजू पुढे चालविली. या कडाक्याच्या भांडणाचा शेवट मात्र विचार करण्यासारखा आहे. ब्रेस्लाउमध्ये काही वर्षांनी तडजोड होऊन एकाच गेमाइंडेत दोन उपासनामंडळे झाली, एकाचे राब्बी गायगर आणि दुसऱ्याचे टिक्टिन. कर एक, दफनभूमी एक, प्रार्थना दोन रीतींच्या. ही व्यवस्था दोघांनाही मनापासून आवडली नसावी, पण ती टिकली.

दरम्यान सुधारक राब्बींच्या परिषदा भरू लागल्या होत्या. १८४४ मध्ये ब्राउनश्वाइग, १८४५ मध्ये फ्रँकफुर्ट, १८४६ मध्ये ब्रेस्लाउ. त्यांत फ्रँकफुर्टची परिषद इतिहासात राहिली. प्रार्थनेसाठी हिब्रू अवश्यच आहे काय, या प्रश्नावर तेथे दीर्घ चर्चा झाली. आपल्याला जर्मन प्रार्थनाच अधिक खोल भिडते, असे गायगर यांनी स्वच्छ सांगितले. धर्मशास्त्राच्या दृष्टीने हिब्रूची सक्ती नाही, यावर एकमत झाले. तल्मूदातही तशी मुभा आहे. पण शास्त्र बाजूला ठेवूनदेखील हिब्रू मुळातच आवश्यक आहे की नाही, या प्रश्नावर काठावरच्या बहुमताने 'नाही' असे उत्तर आले. ड्रेस्डेनचे राब्बी झकारियास फ्रँकेल (१८०१–१८७५) तडक परिषद सोडून गेले. ते सनातनी नव्हते. धर्म बदलत आला आहे हे त्यांना मान्य होते. मात्र तो समाजाच्या हाडीमांसी खिळलेल्या गोष्टींना धक्का न लावता बदलावा, मतांची मोजदाद करून नव्हे, असे त्यांचे म्हणणे. १८५४ मध्ये ब्रेस्लाउला निघालेल्या राब्बींच्या विद्यालयाचे ते प्रमुख झाले आणि दोन पक्षांच्या मधला तिसरा पक्ष उभा राहिला. स्वतःला सुधारक म्हणवूनही घ्यायचे नाही आणि सनातनी म्हणवूनही घ्यायचे नाही, हे धैर्याचेच काम आहे. दोन्हीकडून मार बसतो. फ्रँकेल यांना तो बसला.

भाषेच्या या वादावरून एक गोष्ट मध्येच सांगाविशी वाटते, कारण ती आपल्या घरची आहे. कोकणातील बेने इस्राएल समाज, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून 'शनवार तेली' म्हणत, तो या युरोपीय कलहापासून दूर होता. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडण सणाचे 'हग्गादा' हे पुस्तक मराठी भाषांतरासह निघाले, १८७४ मध्ये पुण्यात निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजात अब्राहाम, योसेफ यांच्या कथांवर मराठी कीर्तने होऊ लागली. मंदिरात हिब्रू आणि कीर्तनात मराठी, असा हा व्यवहार सहज बसला. या कीर्तनांना फ्रँकफुर्टसारख्या परिषदेची गरज भासली नाही.

आता पुन्हा फ्रँकफुर्टकडे वळू. तेथील गेमाइंडेवर सुधारकांचा पूर्ण ताबा होता. सनातनी मूठभर उरले होते. त्यांनी आपली वेगळी मंडळी काढून १८५१ मध्ये सॅमसन राफाएल हिर्श (१८०८–१८८८) यांना राब्बी म्हणून बोलावले. मोराव्हियाच्या मुख्य राब्बीचे पद सोडून हिर्श या लहानशा मंडळीकडे आले. हिर्श आणि गायगर हे १८२९ च्या सुमारास बॉन विद्यापीठातले सहाध्यायी आणि जिवलग मित्र. प्रवचनाचा सराव करण्यासाठी दोघांनी मिळून मंडळ काढले होते. पुढे १८३६ मध्ये हिर्श यांचे 'एकोणीस पत्रे' हे पुस्तक आले, गायगर यांनी त्याच्यावर कठोर टीका केली आणि मैत्री आटोपली. १८६३ मध्ये गायगर फ्रँकफुर्टच्या गेमाइंडेचे राब्बी होऊन आले, तेव्हा हे दोन जुने स्नेही सात वर्षे एकाच शहरात राहिले.

हिर्श यांना 'सनातनी' म्हणताना थोडे थांबले पाहिजे. ते प्रवचन जर्मनमध्ये करीत, झगा घालीत, त्यांच्या मंदिरात पुरुषांचा गायकवृंद होता. १८५३ मध्ये त्यांनी शाळा काढली. तीत मुलामुलींना तोराबरोबर गणित, जर्मन वाङ्मय आणि शास्त्रे शिकवीत. तोरा आणि जगाची रीत, दोन्ही हवी, हे त्यांचे ब्रीद. आता याच काळात हंगेरीच्या ईशान्य भागात मिखालोवत्से गावी काय झाले पाहा. हे गाव आज स्लोवाकियात आहे. १८६५ मध्ये तेथे जमलेल्या कडव्या राब्बींनी निर्णय दिला की परभाषेत प्रवचन निषिद्ध, गायकवृंद निषिद्ध, प्रार्थना चालविणाऱ्याने परधर्मीयांसारखा झगा घालणे निषिद्ध. म्हणजे फ्रँकफुर्टच्या सनातन्यांचा हा मुकुटमणी मिखालोवत्सेच्या मंदिरात प्रवचनाला उभा राहता तर पाखंडी ठरला असता! सनातनी आणि सुधारक ही गावोगाव बदलणारी मापे आहेत. हंगेरीत तर १८६८–६९ च्या समाजपरिषदेनंतर समाज रीतसर फुटला. 'नेओलॉग' म्हणजे सुधारक एका बाजूला, ऑर्थोडॉक्स दुसऱ्या, आणि 'आम्ही पूर्वी होतो तसेच राहू' म्हणणारा तिसरा गट. तिघांच्याही वेगळ्या संघटना सरकारदरबारी निघाल्या.

हिर्श यांना गेमाइंडेतील सक्तीचे सभासदत्व सदसद्विवेकाच्या विरुद्ध वाटत होते. जो धर्म आम्ही नाकारतो त्याचा कर आम्ही का भरावा, हा त्यांचा युक्तिवाद उदारमतवादी शासनाला पटण्याजोगा होता. २८ जुलै १८७६ रोजी प्रशियाच्या विधिमंडळाने कायदा केला की धर्म न सोडताही यहुद्याला गेमाइंडे सोडता येईल. तो होण्यास एदुआर्द लास्कर या यहुदी उदारमतवादी पुढाऱ्याने मोठा हातभार लावला. हिर्श यांनी आपल्या मंडळीला सांगितले, आता बाहेर पडणे हे केवळ स्वातंत्र्य नव्हे, धर्मकर्तव्य आहे.

आणि येथे अनपेक्षित गोष्ट घडली. गेमाइंडेने सवलती देऊ केल्या. सनातन्यांसाठी वेगळ्या धर्मसंस्था चालवू, त्यांच्या करातील पैसा सुधारकांच्या उपासनेला लावणार नाही. वुर्त्सबुर्गचे राब्बी झेलिगमान बेर बाम्बर्गर हे हिर्श यांच्याइतकेच सनातनी, आणि तल्मूदाच्या पांडित्यात जर्मनीत त्यांच्यापुढे कोणी नाही असे मानले जाई. १८७७ मध्ये ते फ्रँकफुर्टला आले आणि त्यांनी निर्णय दिला की अशा अटींवर बाहेर पडण्याची सक्ती धर्मशास्त्र करीत नाही. हिर्श यांनी त्यांना जाहीर पत्रे लिहिली, त्यांनी उत्तरे दिली. या पत्रांतील कडवटपणा गायगरविरुद्धच्या लेखनाहून कमी नाही. हिर्श यांच्या बहुसंख्य सभासदांनी त्यांच्या मंदिरात येणे सोडले नाही. पण गेमाइंडेही सोडली नाही. आम्हांला वाटते, या सामान्य लोकांनी दोन्ही पंडितांपेक्षा अधिक शहाणपण दाखविले. प्रार्थना कोणाबरोबर म्हणावी हा एक प्रश्न, आणि शेजारी कोणाचे राहावे हा दुसरा. त्यांनी त्या दोहोंची गल्लत केली नाही.

फ्रँकफुर्टचे हे दोन समाज पुढे साठ वर्षे शेजारी शेजारी राहिले. १९३८ च्या नोव्हेंबरात नाझींनी दोन्ही पक्षांची मंदिरे जाळली, आणि त्यानंतर हुकूम काढून दोन्ही समाज एकत्र केले.

अमेरिकेची कथा लवकर सांगता येते, कारण तेथे सक्तीचा गेमाइंडे नव्हता. पटले नाही तर पलीकडच्या गल्लीत दुसरे मंदिर काढावे. ११ जुलै १८८३ रोजी सिनसिनाटी येथे राब्बींच्या नव्या विद्यालयातून पहिली तुकडी बाहेर पडली. त्या मेजवानीत कालवे, खेकडे, कोळंबी आणि बेडकांच्या तंगड्या वाढल्या गेल्या. हे सर्व तोराने वर्ज्य केलेले. डुकराचे मांस तेवढे नव्हते. दोन वर्षांनी पिट्सबर्गच्या सभेत सुधारकांनी जाहीर केले की खाण्यापिण्याचे जुने नियम आज बंधनकारक नाहीत आणि पॅलेस्टाइनला परतण्याची अपेक्षा आम्ही ठेवीत नाही. १८८६ मध्ये मध्यममार्गीयांनी न्यूयॉर्कला आपले वेगळे विद्यालय स्थापले; फ्रँकेल यांच्या विचाराला तेथे घर मिळाले. १९३७ मध्ये कोलंबस येथे सुधारकांनीच आपला पवित्रा बदलला, पॅलेस्टाइनच्या उभारणीला पाठिंबा दिला आणि हिब्रूचे महत्त्व मान्य केले. जर्मनीतून येणाऱ्या वार्तांपुढे पिट्सबर्गचा आशावाद टिकणे शक्यच नव्हते.

१९४८ मध्ये इस्राएलचे राज्य झाले आणि नोंदवही पुन्हा सरकारी झाली. १९५३ च्या कायद्याने यहुद्यांचे विवाह आणि घटस्फोट राब्बींच्या न्यायसभांकडे सोपविले, आणि त्या न्यायसभा ऑर्थोडॉक्स. याची झळ सर्वांत आधी ज्यांना लागली त्यांत आपले मराठी बोलणारे बेने इस्राएल होते. हा समाज आचाराने परंपरावादीच. डॉ. जेरुशा जिराड यांच्या पुढाकाराने १९२५ मध्ये मुंबईत सुधारक पंथाची एक लहान मंडळी निघाली होती, परंतु बहुसंख्य लोक जुन्या रीतीनेच चालत. तरीही १९६२ मध्ये इस्राएलच्या मुख्य राब्बींनी विवाह नोंदणाऱ्यांना सूचना दिल्या की बेने इस्राएल वधूवरांची आई, आईची आई, असे जितके मागे जाता येईल तितके मागे जाऊन कुळाची चौकशी करावी. शंका अशी की कोकणात शतकानुशतके एकाकी राहिलेल्या या लोकांत काडीमोड शास्त्रशुद्ध झाली नसेल, आणि तसे असेल तर पुढच्या विवाहाची संतती धर्मतः दूषित ठरेल. अलिबाग-पेणकडच्या आजीच्या आजीचा दाखला आणायचा कोठून? वंशावळीचा कागद मागणारे पूर्वी राजे आणि पोलीस असत. आता स्वधर्मीय होते. आपला समाज सुधारक आहे की सनातनी, हे येथे कोणी विचारलेच नाही.

बेने इस्राएलांनी ही गोष्ट सोसून घेतली नाही. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये पंतप्रधान लेवी एश्कोल यांच्या सरकारने विधिमंडळापुढे प्रश्न आणला. बेने इस्राएल हे सर्वार्थाने यहुदी आहेत, त्यांच्यात आणि इतरांत भेद नाही, असा ठराव झाला, आणि राब्बींनी सूचनांतून या समाजाचे नाव काढले. मात्र ज्याच्या कुळाविषयी शंका येईल त्याची चौकशी करण्याचा नियम, कोणत्याही समाजाचे नाव न घेता, तसाच ठेवला.

त्यानंतर सुधारक आणि मध्यममार्गी पंथांनी इस्राएलच्या न्यायालयांत अनेक खटले लढविले. १ मार्च २०२१ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की या पंथांच्या राब्बींनी इस्राएलमध्ये धर्मात घेतलेल्या व्यक्तीला नागरिकत्वासाठी यहुदी मानले पाहिजे. म्हणजे अशा माणसाला देशात राहता येईल, मत देता येईल, सैन्यात जाता येईल. विवाह करायचा असेल तर मात्र त्याला सायप्रसची वाट धरावी लागते, कारण ती नोंदवही मुख्य राब्बींच्याच कचेरीत आहे.